फटीतला जोर

मामाच्या मांगरात अकरा वर्षं गोणपाटाखाली उभी असलेली यामाहा आरएक्स १०० जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बाहेर काढली. इंजिन सोडवून पडवीत आणलं. आतलं सगळं गंजून धरलं होतं, म्हणून चार दिवस सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलं आणि मग लाकडी हातोड्याचे हलके ठोके देत सिलिंडर वर ओढला. तेव्हा कुठे पिस्टन हातात आला.

उताणा धरला तर तो देवघरातल्या पंचपात्रासारखा दिसतो. तेवढाच रुंद, आतून पोकळ आणि नवल वाटावं इतका हलका. त्याच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत उभे चरे उमटले होते. अकरा वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या चढावर मामाची गाडी चालता चालता एकदम थिजली होती, त्या क्षणाची ही खूण. मामा तिला ढकलत रस्त्याकडेला घेऊन गेला आणि नंतर टेंपोत घालून घरी घेऊन आला. तेव्हापासून ती मांगरात होती, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांच्या शेजारी.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. इंजिनाची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, त्याला गणती नाही. पण त्या दुपारी, बाहेर पाऊस धरलेला असताना, तो चरे पडलेला पिस्टन तळहातावर घेऊन बसले आणि जाणवलं की आकृतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दाखवताच येत नाही. ती गोष्ट म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट. खडूच्या रेघेच्या जाडीत ती शंभर वेळा हरवून जाईल. या लेखात मला सांगायचंय ते त्या फटीबद्दलच.

कटिंगचा ग्लास आणि फेरारी

आधी आकडे. या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची वरखाली धावही ५० मिलिमीटर. हिशेब केला की जागा येते ९८ घन सेंटिमीटर, म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढी. एवढ्याशा जागेतून ११ अश्वशक्ती निघते.

आरएक्स १०० भारतात आली १९८५ साली. त्याच वर्षी इटलीत फेरारीनं ३२८ ही आपली नवी स्पोर्ट्स कार आणली. इंजिन ३,१८५ घन सेंटिमीटरचं, ताकद २७० अश्वशक्ती. आता दोन्ही इंजिनांची ताकद दर लिटरमागे काढून पाहा. फेरारी ८५. आरएक्स ११२. कोकणातल्या वाटांवर दूध, मासळी आणि नवी नवरी वाहून नेणाऱ्या गाडीचं इंजिन या एका हिशेबात फेरारीच्या पुढे होतं!

यामागचं कारण प्रामाणिकपणे सांगायला हवं. फेरारीचं इंजिन फोर-स्ट्रोक आहे, त्यात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा जाळ होतो. आरएक्सचं टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेरीला जाळ. जोर कमावण्याची संधी तिला दुप्पट वेळा मिळते. पण संधी दुप्पट म्हणजे घाईही दुप्पट. मिनिटाला ७,५०० फेरे म्हणजे सेकंदाला १२५. त्या एका सेकंदात पिस्टन अडीचशे वेळा पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो. थांबून पुन्हा सुटताना त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दीड हजार पटीहून जास्त ओढ येते. पिस्टन शंभर ग्रॅमचा धरला, तर त्या क्षणी तो दीडशे किलोहून जड झालेला असतो. तळहातावरच्या त्या पंचपात्राकडे मी पुन्हा एकदा पाहिलं. सिमेंटची तीन पोती!

आणि आग? जळणाऱ्या वायूंचं तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. अॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना. मग पिस्टन वितळत का नाही? जाळ टिकतो सेकंदाचे काही सहस्रांश, त्यामुळे त्याची उष्णता धातूत पुरती मुरायला वेळच मिळत नाही. जी मुरते ती पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून आणि तेलाच्या थरातून सिलिंडरच्या भिंतीत जाते, भिंतीतून बाहेरच्या पात्यांत आणि पात्यांवरून वाहणाऱ्या वाऱ्यात. शिवाय दर फेरीला येणारं ताजं, गार पेट्रोल-हवेचं मिश्रण पिस्टनला आतून न्हाऊ घालतं. उष्णतेला बाहेर पडायची वाट मोकळी आहे तोवरच हे सगळं सुरळीत चालतं. ती वाट त्या फटीतूनच जाते.

पेटीचे सूर आणि वाऱ्याची झडप

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या डोक्यावर झडपा असतात, त्या उघडझाप करायला कॅम लागतो, कॅम फिरवायला चेन किंवा पट्टा लागतो. आरएक्सचं हेड काढलं तर आत यातलं काहीच नाही. नुसती घुमटासारखी खळगी आणि प्लगसाठी एक भोक. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या पाडलेल्या आहेत, त्यांना मेस्त्री पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली सरकला की खिडक्या उघडतात, वर गेला की झाकल्या जातात. पिस्टन हेच दार आणि तोच दरवान.

ताजं मिश्रण येतं ते पिस्टनच्या खालून. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि थोडं तेल आत ओढलं जातं. तो खाली येऊ लागला की तेच मिश्रण दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये उसळतं. दाबलेलं मिश्रण आलं त्या वाटेनं परत कार्बोरेटरकडे जाऊ नये म्हणून तोंडाशी रीड व्हॉल्व्ह बसवलेला असतो. पातळ पत्र्याच्या पाकळ्या, एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला मोकळ्या. मी त्या काढून उजेडात धरल्या आणि लगेच ओळखलं. भजनातल्या पेटीचा भाता दाबला की आत ज्या पट्ट्या थरथरून सूर देतात, त्यांच्याच कुळातल्या या पाकळ्या. पेटीतल्या वाऱ्यानं थरथरतात, इथे इंजिनाच्या श्वासानं. सेकंदाला १२५ कंपनं म्हणजे पेटीवर खर्जातल्या पांढरी सातच्या अगदी जवळचा स्वर. आरएक्स पूर्ण वेगात असते तेव्हा इंजिनाचा मूळ स्वर हा असतो.

पण खिडक्यांच्या या रचनेत एक मोठी अडचण आहे. जळलेला धूर बाहेर जायची खिडकी आणि ताजं मिश्रण आत यायच्या खिडक्या काही काळ एकदमच उघड्या असतात. मग ताजं मिश्रण धुराबरोबर बाहेर पळून जाणार नाही का? जातंच. त्याला अडवायला तिथे दरवाजा नाही. जे अडवतं ते मला या सगळ्या यंत्रातलं सगळ्यात सुंदर वाटतं. ते काम आवाज करतो.

जांभ्याच्या खोल विहिरीत हाक मारली की ती तळावर आपटून परत येते. सायलेन्सरची नळीही तशीच विहीर आहे. सुरुवातीला ती हळूहळू रुंद होते आणि पुढे पुन्हा निमुळती होते. एक्झॉस्टची खिडकी उघडताच दाबाची एक लाट नळीत धावते. रुंद होणाऱ्या भागातून ओढ परत येते आणि सिलिंडरमधला धूर खेचून काढते. निमुळत्या भागावर आपटून दाब परत येतो आणि खिडकीबाहेर निसटलेलं ताजं मिश्रण, खिडकी झाकली जाण्याच्या आत, पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. न दिसणारी, न झिजणारी, निव्वळ वाऱ्याची झडप!

तिचं वेळापत्रक फळ्यावर मांडता येतं. मिनिटाला ७,५०० फेऱ्यांच्या वेगाला एक फेरी होते ८ सहस्रांश सेकंदात. एक्झॉस्टची खिडकी त्यातला साधारण निम्मा वेळ उघडी, म्हणजे ४ सहस्रांश सेकंद. तापलेल्या वायूत आवाजाचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेळात लाट २ मीटर जाते, म्हणजे मीटरभर जाऊन मीटरभर परत. मोटारसायकलच्या पोटाखालून मागच्या चाकापर्यंत जाणारी नळी तेवढी लांब का असते, याचं उत्तर या त्रैराशिकात आहे. म्हणूनच आवाजासाठी सायलेन्सर कापून आतला आकार बिघडवला, की गोंगाट वाढतो आणि जोर कमी होतो. प्रतिध्वनी वेळेवर घरी पोचत नाही.

ही विद्या नेमकी बसवली ती पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी, १९५०च्या दशकात. १९६१पर्यंत त्यांचं १२५ सीसीचं रेसिंग इंजिन लिटरमागे २०० अश्वशक्तीला पोचलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी त्यांचा चालक एर्न्स्ट डेग्नर देश सोडून पश्चिमेकडे निघून गेला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. १९६२ साली त्यानं सुझुकीसाठी ५० सीसीचं जागतिक विजेतेपद जिंकलं. प्रतिध्वनीचं गुपित पुढे जपानी इंजिनांत पसरलं, आणि तिथून मामाच्या मांगरापर्यंत आलं.

फट किती?

जून-जुलैत समुद्रात मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याला होड्या शाकारून ठेवलेल्या असतात आणि बंदरातले मेस्त्री बोटींची मोठाली डिझेल इंजिनं खोलून बसलेले असतात. त्यातलेच एक मेस्त्री संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसत. स्वतः हात फारसा लावत नसत. मी एखादा भाग पुसून पुढे केला की एकच विचारत, "फट किती?"

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सिलिंडर मोजायला शिकवला, तेही बोअर गेजशिवाय. एक पिस्टन रिंग घेतली, सिलिंडरमध्ये अगदी खाली, जिथे झीज होत नाही तिथे बसवली. रिंग म्हणजे कापलेलं कडं. तिची दोन टोकं जवळ येतात, पण मध्ये फट राहते. ती फीलर गेजच्या पानानं मोजली. पाव मिलिमीटर. मग तीच रिंग वर, जिथे ती रोज घासते तिथे सरकवली. फट भरली साठ शतांश मिलिमीटर. मेस्त्री म्हणाले, "आता तीननं भागा, बाई."

क्षणभर कळलं नाही, आणि मग अंगावर काटा आला. व्यास वाढला की परीघ त्याच्या पाय पटीनं वाढतो, आणि वाढलेला परीघ सगळाच्या सगळा त्या फटीत दिसतो. फटीत पस्तीस शतांशांचा फरक, भागिले ३.१४, म्हणजे सिलिंडर व्यासात अकरा शतांश मिलिमीटर झिजला होता. कागदाच्या जाडीएवढा. जो फरक डोळ्याला किंवा बोटाला कळत नाही, तो एका साध्या कड्यानं तिप्पट मोठा करून दाखवला. वर्तुळाचं हे सूत्र मी वर्षानुवर्षं शिकवत आले. ते कुणाच्या तरी हातात असं हत्यार होऊन राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग चऱ्यांचं कारण शोधलं. ते होते एक्झॉस्टच्या बाजूला, जिथे पिस्टन सगळ्यात तापतो. क्रँकच्या मॅग्नेटकडच्या टोकाला रबराचं सील असतं, ते कडक होऊन चिरलं होतं. तिथून बाहेरची हवा क्रँककेसमध्ये शिरत होती. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, म्हणजे जाळ जास्त गरम आणि पिस्टनला न्हाऊ घालणारा गारवा कमी. पिस्टन फुगला, फट संपली, तेलाचा थर फाटला, धातू धातूला घासला. हातखंब्याच्या चढावर घडलं ते एवढंच. शंभर-दीडशे रुपयांच्या रबरानं इंजिन धरलं.

गोल नसलेला पिस्टन

सिलिंडर बोअर करायला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नेला. घरी जे करता येत नाही ते घरी करू नये, हेही याच कामात शिकले. अर्ध्या मिलिमीटरनं मोठा, नवा पिस्टन आधी आणला आणि सिलिंडरबरोबर तोही दिला, कारण भोक पिस्टन मोजून त्याच्या मापानं करायचं असतं. ठेवायची फट तीन-चार शतांश मिलिमीटर. माणसाच्या केसाहून कमी.

एक गंमत लक्षात आली. अर्धा मिलिमीटर वाढल्यावर व्यास झाला ५०.५. हिशेब केला, जागा आली १०० घन सेंटिमीटर. नावातला शंभराचा आकडा मामाच्या गाडीत आता कुठे खरा झाला.

नवा पिस्टन मायक्रोमीटरनं मोजायला घेतला तेव्हा मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन जाते त्या दिशेला एक माप, काटकोनात दुसरं, जरा मोठं. वर एक, खाली दुसरं. पिस्टन गोल नव्हता! तो किंचित लंबगोल होता आणि डोक्याकडे निमुळता. चूक नव्हती, मुद्दाम तसा केलेला. डोक्याला आग लागते, तिथे तो जास्त फुगणार. पिनच्या बाजूला धातू जास्त, तिथेही जास्त फुगणार. पिस्टनचं अॅल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीतल्या बिडापेक्षा दुपटीनं प्रसरण पावतं. म्हणून कारखान्यात त्याला गार असताना वाकडा घडवतात, म्हणजे कामाच्या तापमानाला तो गोल होईल. तो खऱ्या अर्थानं पिस्टन होतो तो फक्त चालत्या इंजिनाच्या आत, जिथे त्याला कुणीही पाहू शकत नाही.

शर्यतीच्या जगात हीच कल्पना टोकाला नेलेली आहे. फॉर्म्युला वनच्या इंजिनातल्या फटी चालू तापमानाला इतक्या नेमक्या बसवलेल्या असतात, की ते गार असताना सुरूच करत नाहीत. आधी त्यातून बाहेरून गरम केलेलं पाणी फिरवतात, सगळे भाग आपापल्या मापाला आले की मगच सुरू करतात.

बोअर होऊन आलेल्या सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल असं मला वाटलं होतं. ती तशी नव्हती आणि तशी नकोच असते. होनिंग करून तिच्यावर बारीक तिरक्या रेघांची जाळी उमटवलेली असते. त्या रेघांत तेल थांबतं. पूर्ण गुळगुळीत भिंतीवर तेल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत. शेणानं सारवलेल्या अंगणावर हाताचे जे वळसे उमटतात, तशी ती जाळी उजेडात दिसत होती. पोर्टच्या धारा मात्र हलक्या हातानं मोडून घ्याव्या लागतात, नाहीतर खिडकीवरून जाताना रिंग अडकून तुटते. रिंगेची टोकं फिरून खिडकीत जाऊ नयेत म्हणून पिस्टनच्या खाचेत इवलीशी पिन ठोकलेली असते. तीही मेस्त्रींनी भिंग देऊन दाखवली.

खारा वारा

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पाऊस नसतो तेव्हा खारा वारा असतो. इंजिनाचं बाहेरचं अंग पांढऱ्या भुकटीनं माखलं होतं. अॅल्युमिनियमचं एक नवल आहे. उघडं पडलेलं अॅल्युमिनियम हवेत क्षणात आपल्याभोवती ऑक्साइडचं कवच बांधतं, काही नॅनोमीटर जाडीचं, आणि त्या कवचाआड सुरक्षित राहतं. पण मिठातलं क्लोराइड त्या कवचाला बारीक बारीक जागी फोडतं. तिथे खड्डे पडतात आणि पांढरी भुकटी साचते. समुद्राकाठचा धातू रोज थोडं थोडं कवच गमावतो आणि रोज नवं बांधतो.

साफसफाईला पंधरा दिवस लागले. रॉकेल, जुने टूथब्रश आणि नारळाचा काथ्या. जुन्या पॅकिंगचे कागद खरवडायला बांबूच्या कामट्या, कारण पोलादी पट्टीचा एक ओरखडा पुढे हवा गळायची वाट होतो. हेडचा तळ सपाट आहे का ते पाहायला जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर हेड आठच्या आकड्यासारखं फिरवलं. जिथे चमक आली नाही तिथे खळगा. हळूहळू सगळीकडे सारखी चमक आली. सिलिंडरच्या पात्यांना उष्णता सोसणारा काळा रंग दिला, अगदी पातळ. जाड रंग म्हणजे पात्यांना गोधडी, उष्णता आतच कोंडते. बाजूची झाकणं पाणपेपरनं चढत्या क्रमानं घासली. दोन हजार नंबरला पोचले तेव्हा त्यात पडवीचे खांब आणि बाहेरचा पाऊस दिसायला लागला.

बेअरिंग बसवायचा दिवस मात्र सगळ्यात लक्षात राहिला. बेअरिंग क्रँककेसच्या भोकात इतकं घट्ट बसतं की ठोकून बसवलं तर दोघांचंही नुकसान. म्हणून नवी बेअरिंगं आदल्या रात्री पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली, आमरसाच्या डब्याशेजारी. क्रँककेस साबणानं दोनदा धुऊन, पेट्रोलचा वासही उरला नाही याची खात्री करून, केकच्या ओव्हनमध्ये शंभर अंशांपर्यंत तापवली. पन्नास मिलिमीटरचं भोक तापून आठ शतांश मिलिमीटर मोठं होतं, तेवढंच बेअरिंग गारठून तीनेक शतांशांनी आकसतं. दोन्ही मिळून सुमारे एक दशांश. हातमोजे घालून बेअरिंग भोकावर ठेवलं आणि ते आपल्या वजनानं खाली उतरलं. टक् असा एकच आवाज झाला. अर्ध्या मिनिटात दोन्ही धातू एका तापमानाला आले आणि ते भोक त्याला कायमचं धरून बसलं. मामा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "गो, पुन्हा दाखव." दुसऱ्या बाजूचं बेअरिंग त्यानं स्वतः ठेवलं.

रक्तदाब

जोडणी करताना माझ्याकडून एक चूक झाली. पिस्टनची पिन जागेवर राहायला दोन्ही टोकांना तारेची कडी लागते, सर्क्लिप. ती बसवताना खालच्या क्रँककेसचं तोंड फडक्यानं बंद करायचं असतं. मी ते केलं नाही. सर्क्लिप चिमट्यातून सुटली आणि क्रँककेसमध्ये गेली. तारेला चुंबक बांधून ती बाहेर काढायला पाऊण तास गेला. ती तशीच राहिली असती तर पहिल्या किकलाच सगळी मेहनत संपली असती. तेव्हापासून फडकं आधी, हात नंतर.

सगळं जुळल्यावर मेस्त्रींनी मामाचं रक्तदाब मोजायचं यंत्र मागितलं. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबरानं बंद केली, एका बुचातून यंत्राची नळी आत सोडली आणि फुगा दाबायला सुरुवात केली. काटा २५०वर गेला. आम्ही तिघंही गप्प. काटा हळूहळू उतरू लागला. जोडांवर साबणाचा फेस लावला, तर क्रँककेसच्या जोडापाशी एक बुडबुडा फुगला. सगळं पुन्हा खोललं, नवं पॅकिंग घातलं, पुन्हा जुळवलं. दुसऱ्या वेळी पाच मिनिटं काटा जागचा हलला नाही. इंजिनाचा रक्तदाब उत्तम होता.

उरलेल्या फटीही मोजल्या. प्लगची सात दशांश मिलिमीटर, ठिणगीला उडी मारता येईल एवढी. ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या पॉइंटची साडेतीन दशांश. ठिणगी पडायची वेळही अंतरानंच मोजतात, पिस्टन शिखराला पोचायच्या दोनेक मिलिमीटर आधी. काळ मिलिमीटरमध्ये मोजला जातो, हे मला फार आवडलं.

नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी मामानं किक मारली. तिसऱ्या किकला ती बोलली. पडवी निळसर धुरानं भरून गेली. हा धूर काही कौतुकाचा नाही. वाऱ्याच्या झडपेलाही सगळं मिश्रण परत आणता येत नाही, थोडं न जळता बाहेर जातंच, आणि बरोबर तेलही. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसं १९९६ साली आरएक्स १००चं उत्पादन थांबलं, आणि ते थांबायलाच हवं होतं. शहरभर या गाड्या रोज फिराव्यात असं मलाही वाटत नाही. पण फटींचे आणि प्रतिध्वनींचे हे नेमके हिशेब ज्यांनी जुळवले, त्यांचं काम गंजून जाऊ नये, एखादं तरी चालतं राहावं, असं मात्र मनापासून वाटतं.

पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवायची. नव्या रिंगा आणि नवी भिंत एकमेकींना घासून आपली अंतिम फट स्वतःच ठरवतात. तिथे ना लेथ लागतो ना मायक्रोमीटर. मामा संध्याकाळी भाट्याच्या पुलापर्यंत जातो, इंजिन निवू देतो आणि परत येतो. मिरकरवाड्यातून बोटी पुन्हा समुद्रात गेल्या आहेत, त्यामुळे मेस्त्री आता येत नाहीत.

जुना पिस्टन मी शाळेत नेलाय. वर्गात तो पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरतो. मुलं चऱ्यांवरून नख फिरवतात, आत बोटं घालून बघतात. मी विचारते, हा गोल आहे का? सगळे एका सुरात हो म्हणतात. मग मी मायक्रोमीटर पुढे करते.